ग्रिप हवी, पण कितव्या किलोमीटरला?

टायर कुठला घ्यावा, हा तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. बाइक 650 सीसीची. पुढे 120/70 झेडआर 17, मागे 180/55 झेडआर 17. मूळचा मागचा टायर मधोमध सपाट झालाय. रोज कामावर जायला वीस मिनिटं, सुट्टीच्या दिवशी पहाटे घाटरस्ता आणि वर्षाकाठी दोन-तीन ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची बाइक चालवायचे दिवस). डोक्यात तीन नावं आहेत: पिरेली सुपरकोर्सा एसपी, पिरेली डियाब्लो रोसो 4 आणि मिशलिन पॉवर 5. जमलं तर मागे 180 ऐवजी 190 मिमी रुंदीचा टाकायचाय. आणि मुख्य म्हणजे, "यातला सर्वांत ग्रिपी कोणता?"

सर्वांत ग्रिपी सुपरकोर्सा एसपी, यात वाद नाही. तरी तुमच्या वापरासाठी मी तो घेऊ नका असंच सांगेन, आणि का ते सांगायला थोडा वेळ घेणार आहे.

रबराची पकड दोन वाटांनी येते. एक म्हणजे रबर रस्त्याला अक्षरशः चिकटतं. दुसरी वाट जास्त मजेची. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दबतं, पण टोक पुढे सरकल्यावर लगेच पूर्ववत होत नाही, जरा रेंगाळतं. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते, ती उष्णता म्हणून बाहेर पडते आणि तेवढा विरोध घसरण्याला होतो. चेंडूसारखं उसळणारं रबर चांगली पकड देत नाही. दाबल्यावर आळसटल्यासारखं परत येणारं देतं. मात्र हा आळस तापमानावर ठरतो. थंडीत रबर कडक होतं, खडीत उतरतच नाही. फार तापलं तर पृष्ठभाग ढिला पडून फाटायला लागतो. प्रत्येक कंपाउंड (रबराचं मिश्रण) तापमानाच्या ठरावीक पट्ट्यात उत्तम चालेल असं बनवलेलं असतं, आणि ट्रॅककडे झुकलेल्या टायरचा पट्टा वरच्या बाजूला असतो. शर्यतीच्या टायरना वॉर्मर (तापवणारं पांघरूण) गुंडाळून 80-90 अंशांवर तासभर उगाच शिजवत नाहीत.

मग तुमचा टायर वीस मिनिटांच्या रोजच्या रस्त्यावर किती तापतो? अंदाज नको, हात लावून बघा. कामावर पोचलात की बाइक स्टँडवर लावून लगेच मागच्या टायरवर तळहात ठेवा (डिस्क आणि सायलेन्सरपासून लांब). आधी मधोमध, मग कडेला. मधला भाग कोमट लागेल. कड बहुतेक वेळा गारच असते, कारण ती रस्त्याला लागलेलीच नसते. आणि वळणावर तुम्ही भरवसा ठेवणार त्या कडेवर.

हे मी वाचून नाही, स्वतःच्या अंगावर घेऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रॅकसाठी घातलेले, कडेला खाचाच नसलेले टायर तसेच ठेवून सोमवारी कामावर निघालो. आदल्या दिवशी याच टायरवर गुडघा टेकवला होता, त्यामुळे छाती फुगलेली. थंडीची सकाळ, घरापासून तिसरा चौक, वेग ताशी तीस-पस्तीस. उजवीकडे वळताना थ्रॉटल जरासा उघडला आणि मागचं चाक वीतभर बाहेर गेलं. पडलो नाही, तो नशिबाचा भाग. बाजूला थांबून टायरला हात लावला तर फरशीसारखा गार. टायरचा दोष काहीच नव्हता. चुकीच्या ठिकाणी त्याला मी नेलं होतं.

आता जरा गणित, कारण "ग्रिप थोडी कमी" म्हणजे नेमकं काय ते त्याशिवाय लक्षात येत नाही. बाइक 30 अंश झुकवली तर वळण्यासाठी साधारण 0.58 जी लागतो (1 जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका ओढा). 35 अंशांना 0.70, 45 ला पूर्ण 1. (रुंद टायरमुळे प्रत्यक्षात काही अंश जास्त झुकावं लागतं, पण हिशेबाला एवढं पुरे.) कोरड्या चांगल्या डांबरावर गरम टायरचा घर्षणांक, म्हणजे पकडीचं माप, 1 धरू. 30 अंश झुकलेले असताना अचानक ब्रेक लावावा लागला तर ब्रेकसाठी किती उरतं? वळण आणि ब्रेक यांची बेरीज सरळ होत नाही, काटकोन त्रिकोणासारखी होते. त्या हिशेबाने 0.8 च्या आसपास उरतं, म्हणजे भरपूर. आता टायर गार आहे किंवा रस्ता ओलसर आहे आणि घर्षणांक 0.7 वर आलाय असं धरा. तेच वळण, तोच वेग. ब्रेकसाठी उरलं 0.4 पेक्षाही किंचित कमी. पकड तीस टक्के घटली, पण हाताशी राहिलेली शिल्लक निम्म्याहून खाली गेली.

म्हणून रस्त्यासाठी टायर निवडताना मी एकच विचारतो: दुसऱ्या किलोमीटरला याची पकड किती? विसाव्या मिनिटाला, ट्रॅकवर, गरम असताना किती आहे हा प्रश्न नंतरचा. घाटात तुम्ही 45 अंश झुकत नाही, झुकूही नये. तिथे 1.1 आणि 1.2 मधला फरक तुमच्या उपयोगाचा नाही. गार टायरच्या 0.7 आणि 0.9 मधला फरक मात्र हाडं वाचवतो.

आता टायरांच्या पायऱ्या बघू. सर्वांत खाली, म्हणजे टिकाऊपणा आणि पावसाकडे झुकलेले, स्पोर्ट-टूरिंग: मिशलिन रोड 6, पिरेली एंजल जीटी 2, ब्रिजस्टोन टी32, मेट्झलर रोडटेक 01. त्यावरची पायरी रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरची: रोसो 4, पॉवर 5, ब्रिजस्टोन एस22 आणि त्याच्या जागी आलेला एस23, मेट्झलर स्पोर्टेक एम9 आरआर, कॉन्टिनेंटल स्पोर्टअटॅक 4, डनलॉप स्पोर्टस्मार्ट एमके3. त्याच्या वर अर्धं रस्ता-अर्धं ट्रॅक: रोसो 4 कोर्सा, पॉवर जीपी, ब्रिजस्टोन आरएस11. आणि माथ्यावर, नंबरप्लेट लावून चालवता येतात म्हणून रस्त्याचे म्हणायचे असे: सुपरकोर्सा एसपी, पॉवर कप 2. सुपरकोर्साचं एससी नावाचं भावंड तर शर्यतीसाठीच आहे. त्याचे कंपाउंड एससी1, एससी2 असे आकड्यांनी ओळखतात; आकडा लहान तेवढं रबर मऊ.

एकाच कंपनीची शिडी बघितली की चित्र स्पष्ट होतं. पृष्ठभागाचा किती भाग खाचांनी व्यापलाय याचा मिशलिन देत असलेला आकडा पॉवर 5 साठी 11 टक्के, पॉवर जीपीसाठी 6.5 आणि पॉवर कप 2 साठी 5 टक्के आहे. वर चढत जाल तसं रबर जास्त, खाचा कमी. पण खाचा कमी म्हणजे फक्त पाण्याचा निचरा कमी असं नव्हे. खाचांमुळे रबराचे तुकडे सुटे पडतात, ते थोडे हलतात, आणि त्या हालचालीतून टायर लवकर तापतो. सलग रबराचा गुळगुळीत टायर तापवायला जोर लागतो: जोरदार ब्रेक, जोरदार थ्रॉटल, सतत झुकणं. 650 ची बाइक रोजच्या रस्त्यावर तो जोर लावूच शकत नाही.

ओल्या रस्त्याबद्दल लोक खाचांकडेच बघतात, पण निम्मं काम रबरातल्या सिलिकाचं असतं. टायर काळा दिसतो तो कार्बन ब्लॅकमुळे. सिलिका जास्त असलेलं कंपाउंड थंडीत आणि पाण्यात जास्त लवचिक राहतं. रस्त्यावरच्या स्पोर्ट टायरनी गेल्या काही पिढ्यांत मारलेल्या उडीत सिलिकाचा वाटा मोठा आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा "एकदम ग्रिपी" आणि आजचा मधल्या पायरीवरचा टायर यात मी आजचाच घेईन, कोरड्यातही.

तुमच्या तीनपैकी दोन नावं याच पायरीवरची आहेत, ही चांगली गोष्ट. दोघांमध्ये फरक आहे, पण पकडीचा म्हणाल तर तुम्हाला किंवा मला रस्त्यावर मोजता येण्याजोगा नाही. जाणवतो तो आकाराचा आणि सांगाड्याचा फरक. पिरेली (आणि 1986 पासून तिच्याच मालकीची मेट्झलर) टायरच्या घेराभोवती पोलादी तार शून्य अंशात गुंडाळते. त्या बांधणीला एक स्थिर, भरीव भाव असतो. मिशलिनने मागच्या टायरमध्ये मधलं घट्ट रबर कडेच्या मऊ रबराखालीही नेलंय, म्हणजे झुकलेले असताना थ्रॉटल दिला तरी खालून आधार मिळतो. कॉन्टिनेंटलची तऱ्हा आणखी वेगळी: कंपाउंड एकच, पण भाजताना मधे आणि कडेला वेगवेगळं तापमान देऊन मधला भाग घट्ट, कडा मऊ. दोन रबरांचा जोडच नाही, त्यामुळे झुकताना मधे कुठे पायरी लागत नाही. ही सगळी आपापल्या परीने चांगली उत्तरं आहेत. एखादा टायर वळणात चटकन पडतो, एखादा सावकाश; ते बऱ्याच अंशी टायर किती टोकदार घडवलाय त्यावर असतं. मला स्वतःला सावकाश पडणारा आवडतो. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना तोच "आळशी" वाटतो.

लोकांच्या अनुभवांवरून तुलना करताना एक गोम ध्यानात ठेवा. नवा टायर घातलेला प्रत्येक जण खूश असतो, कारण तो त्याची तुलना आपल्या जुन्या, मधे सपाट झालेल्या, हजारो किलोमीटर चाललेल्या टायरशी करतो. सपाट टायर वळणात आधी अडतो, मग त्या कडेवरून एकदम पडतो. त्यानंतर कुठलाही गोल टायर लोण्यासारखा वाटेल. नव्याची नव्याशी तुलना केलेली माणसं फार थोडी, आणि एकाच बाइकवर, एकाच हवेवर केलेली त्याहून थोडी. नखाने रबर दाबून "हा मऊ आहे" ठरवणंही सोडून द्या. दुकानात जे मऊ लागतं ते त्या खोलीच्या तापमानाला मऊ आहे, एवढंच कळतं.

190 चं काय? हा हट्ट मात्र पूर्ण सोडा. तुमच्या मागच्या रिमची रुंदी बहुधा 5.5 इंच असेल. ती रिमवरच कोरलेली असते. 190 तिच्यावर बसतो, पण त्याची खरी जागा 6 इंची रिम. अरुंद रिमवर तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, आकार बिघडतो आणि झुकल्यावर जास्त रबर टेकेल ही अपेक्षा फोल ठरू शकते. शिवाय उंची बघा. मापातला पहिला आकडा रुंदीचा, मिमीमध्ये; दुसरा बाजूच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. त्या हिशेबाने 180/55 ची बाजू 99 मिमी. 190/50 ची 95, म्हणजे टायर रुंद पण बुटका. बाइक वळायला जड होते. 190/55 ची 104.5 मिमी, म्हणजे बाइक मागून साडेपाच मिमी उचलली जाते, स्टीअरिंग बदलतं, आणि चाकाचा घेर वाढल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोललाही वेगळेच आकडे दिसू लागतात. त्यात रुंद टायरला तेच वळण घ्यायला जास्त झुकावं लागतं. पार्किंगमध्ये मागून बघायला छान दिसतो, ते मान्य.

साइडवॉलवर मापाशेजारी 58डब्ल्यू, 73डब्ल्यू असं काही असतं. आकडा भाराचा: 58 म्हणजे 236 किलो, 73 म्हणजे 365. अक्षर वेगाचं: डब्ल्यू म्हणजे ताशी 270. कंपनीने दिलंय त्यापेक्षा यातलं काहीही कमी घेऊ नका. दोन्ही टायर एकाच वेळी, एकाच मॉडेलचे घाला. मागचा संपलाय आणि पुढचा "अजून चालतोय" असं सगळेच म्हणतात. पण पुढच्या टायरची झीज मध आणि कड यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात असते आणि ती डोळ्यांना चटकन दिसत नाही. बोट आडवं फिरवलंत तर लागते. पुढे झिजलेला, मागे नवाकोरा अशी जोडी वळणात सतत तिरपं ढकलत राहते, आणि त्याचं खापर नव्या टायरवर फुटतं.

हवेबद्दल बोललो नाही तर वरचं सगळं फुकट. रस्त्यासाठी आकडा बाइकवरच्या स्टिकरचा, टायर पूर्ण गार असताना, स्वतःच्या गेजने मोजलेला. "ग्रिप वाढावी म्हणून" रस्त्यावर हवा कमी करणारे खूप भेटतात. तसं करून पुढचा टायर ढिला होतो, ब्रेकमध्ये लोळतो, आणि मिळत काही नाही. हवा किती महत्त्वाची याचा अंदाज यावरून घ्या: मोटोजीपी या बाइक शर्यतींत पुढच्या टायरला किमान दाबाचा नियम आहे, आणि तो पाळला गेला नाही तर 2023 पासून चालकाला शिक्षा होते.

ट्रॅक डेला मात्र चित्र पालटतं. तिथे गरम असतानाचा दाब महत्त्वाचा. 25 अंशांना 36 पीएसआय भरलंत आणि आतली हवा 65 अंशांपर्यंत तापली तर दाब 43 च्या जवळ जातो. टायर फुग्यासारखा टणक होतो आणि टेकणारी जागा घटते. माझी पद्धत अशी: टायर कंपनीचा ट्रॅकसाठीचा तक्ता असेल तर तोच. नसेल तर स्टिकरपेक्षा तीन-चार पीएसआय कमीने सुरुवात, पंधरा-वीस मिनिटांचं एक सत्र, आणि पिटमध्ये आल्याबरोबर, हेल्मेट काढायच्या आधी, गेज. दाब फारच वाढला असेल तर टायर जास्त वाकतोय, म्हणजे सुरुवातीची हवा कमी पडली. हे उलटं वाटतं खरं. त्यामुळे दाब वाढलेला दिसला की लगेच हवा सोडायची नाही. आधी तो किती वाढला ते बघायचं. आणि संध्याकाळी घरी निघताना हवा पुन्हा भरायची. ती विसरलेले लोक मी दर वेळी बघतो.

त्याच वेळी टायरचा पृष्ठभागही वाचा. कड सगळीकडे बारीक सॅंडपेपरसारखी, एकसारखी खरबरीत दिसली तर सगळं जागेवर आहे. कडेशी रबराच्या बारीक वळ्या जमल्या तरी हरकत नाही. रबर लचके तोडल्यासारखं खोलवर फाटत असेल तर एक तर टायर तापतच नाहीये, किंवा हवा वा सस्पेन्शन चुकलंय. निळसर, तेलकट झाक दिसली तर तापमान मर्यादेबाहेर गेलंय. दोन-तीन फेऱ्या सावकाश मारा. रस्त्यावरचा स्पोर्ट टायर ट्रॅकवर आधी इथेच हात टेकतो: सत्राच्या शेवटच्या काही मिनिटांत मागचं चाक मऊपणे सरकू लागतं. मऊपणे, सांगून सवरून. नवशिक्या-मधल्या गटात तेवढी सूचना पुरते. वर्षाला दोन-तीन ट्रॅक डेसाठी मी या सरकण्याबरोबर आनंदाने जगेन. ते सात-आठ झाले तर वेगळी चाकं घेऊन त्यांवर सुपरकोर्सा चढवा. तेव्हा तो टायर त्याचं खरं काम करेल.

तर रोसो 4 किंवा पॉवर 5. दोन्हींपैकी कुठला, तर ज्याच्यावरची तारीख ताजी तो. साइडवॉलवर लंबगोलात चार आकडे असतात: 2224 म्हणजे 2024 चा बाविसावा आठवडा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर बिनघोर घ्या. तीन-चार वर्षांचा, खिडकीच्या उन्हात मांडलेला असेल तर तो कितीही भारी मॉडेलचा असो, राहू द्या.

बसवताना समोर उभे राहा. फिरण्याच्या दिशेचा बाण तपासा. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो. तो व्हॉल्वसमोर यायला हवा. व्हॉल्व नवा घालायला सांगा, बॅलन्सिंग दोन्ही चाकांचं. बीड (टायरची रिमला घट्ट बसणारी कड) बसवायला साबण-वंगण लावतात, त्यामुळे पहिल्या दिवशी जोरदार ब्रेक मारलात तर टायर रिमवर सरकू शकतो. साच्यातून निघालेल्या नव्या टायरचा पृष्ठभागही गुळगुळीत असतो (कॉन्टिनेंटल साचाच खरबरीत ठेवून हा त्रास कमी करते, पण तिथेही पहिली वळणं मी जपूनच घेतो). पहिले शंभर किलोमीटर हळूहळू झुकणं वाढवत न्या. सॅंडपेपरने घासत बसू नका, रस्ता ते काम करतो. दुकानातून बाहेर पडण्याआधी रिमच्या कडेलगतची टायरवरची बारीक रेषा चाकाभोवती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते का ते दोन्ही बाजूंनी बघा. एका ठिकाणी जरी ती रिमखाली दबलेली दिसली तर बीड नीट बसलेला नाही. हवा सोडून तिथेच पुन्हा बसवायला लावा.